पेटीची किल्ली कोणाकडे?

मुलाच्या घरी पांघरूण शोधताना हाताला पिस्तुलाची पेटी लागेल, असे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

२०२२ च्या जून महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघे पुण्याहून टेक्सासला मुलाकडे गेलो होतो. पोचून तिसराच दिवस होता. तिकडे उन्हाळ्यात बाहेर अंग भाजून निघते आणि घरात एसीने हुडहुडी भरते. म्हणून रात्री आणखी एक पांघरूण घ्यावे या विचाराने मी कपाट उघडले, तर वरच्या फळीवर चादरींच्या मागे एक जड लोखंडी पेटी. मला वाटले, सुनेने दागिने ठेवले असतील. सहज विचारले, ‘‘अगं, यात काय आहे?’’ सून मुलाकडे पाहू लागली आणि मुलगा भिंतीकडे. शेवटी तीच म्हणाली, ‘‘आई, त्यात याचं पिस्तूल आहे.’’

त्या रात्री कोणी धड झोपले नाही. आमचे ‘हे’ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आयुष्यात कधी उसाचे कांडेही कोणावर उगारले नसेल. ‘‘हे घरात असेल तर मी हॉटेलात राहतो,’’ असे त्यांनी जाहीर केले. सकाळी चहाच्या टेबलावर बाकरवडीचा पुडा तसाच राहिला आणि बापलेकांचे जुंपले.

दोघेही बरोबर, दोघेही अडलेले

भांडणाला निमित्त ताजे होते. त्याच वर्षी २४ मे रोजी टेक्सासमधल्याच युवाल्डी या लहानशा गावात एका अठरा वर्षांच्या मुलाने प्राथमिक शाळेत शिरून एकोणीस मुले आणि दोन शिक्षिकांना गोळ्या घातल्या होत्या. ते गाव मुलाच्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर. आमचा नातू तेव्हा आठ वर्षांचा, म्हणजे मारल्या गेलेल्या मुलांपेक्षा थोडासाच लहान. ‘‘एवढं होऊनही तुझ्या घरात ही वस्तू?’’ असे यांनी विचारले, ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

पण मुलाने त्याच घटनेचे दुसरे टोक धरले. ‘‘बाबा, तिथे पोलीस तासाभराहून जास्त वेळ शाळेत वर्गाबाहेर थांबून राहिले. मी शहराबाहेर राहतो. रात्री कोणी घरात शिरलं, तर फोन केल्यावर पोलीस यायला किती वेळ लागेल?’’ त्याच्या रस्त्यावर दोन घरे सोडून चोरी झाली होती. शिवाय कॅन्सस राज्यातल्या ओलाथी शहरात २२ फेब्रुवारी २०१७ ला श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय इंजिनियरला ‘आमच्या देशातून चालता हो’ असे ओरडत एका माथेफिरूने गोळी घातली, तेव्हापासून ही धास्ती त्याच्या मनात घर करून बसली होती. आम्हाला त्याने ती कधी बोलून दाखवली नव्हती, इतकेच.

आपल्याला हे सगळे विचित्र वाटते, कारण आपल्याकडे बंदूक ही सरकारने कृपा म्हणून द्यायची गोष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे कलेक्टर नाहीतर पोलीस आयुक्त यांच्याकडे अर्ज करायचा, गरज पटवून द्यायची, चौकशी व्हायची, मग मिळाला तर परवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात. अमेरिकेत गाडी उलट दिशेने धावते. तिथे १७९१ साली घटनेला जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्कच आहे, असा निकाल दिला. दुकानात एक फॉर्म भरायचा, सरकारी यंत्रणेकडून नाव तपासले जाते, बहुतेक वेळा ते काही मिनिटांतच होते. टेक्सासमध्ये तर १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना पिस्तूल कमरेला लावून फिरायलाही परवाना लागत नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला मात्र शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही. आमच्या मुलाचे ग्रीन कार्ड झाले आणि पुढल्याच वर्षी ही पेटी घरात आली. प्यू या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत तिथल्या शंभरातल्या बत्तीस प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचे सांगितले आणि त्यांतल्या बहात्तर टक्के लोकांनी मुख्य कारण दिले ते संरक्षणाचे. म्हणजे आमचा मुलगा जगावेगळा नव्हता. शेजाऱ्यांसारखा झाला होता.

तीन दिवस हा वाद चालला. हे आकडे सांगत, तो आकडे सांगे. हे म्हणत ‘संस्कार’, तो म्हणे ‘वस्तुस्थिती’. सून ताटे वाढी आणि उचली. कोणाचेही मत तसूभर हलले नाही. मला मात्र राहून राहून माझ्या वडिलांची आठवण येत होती.

आमच्या माजघरातली बंदूक

कारण बंदूक पाहिलेली या घरातली पहिली व्यक्ती मीच! माझे माहेर कुडाळजवळच्या एका वाडीतले. डुकरे एका रात्रीत भाताचा कोपरा लोळवून जात, वांदर नारळाची पाडे कोवळी असतानाच खाली टाकत. म्हणून वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती. गोणपाटात गुंडाळलेली, माजघराच्या दारावर उंच खुंटीला. काडतुसे मात्र तिथे नसत. ती आजीच्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली आजीच्या कनवटीला. वडिलांना रात्री शेतावर जायचे तर आधी आपल्या आईला उठवावे लागे. ‘‘कशाक? खंय? किती व्हयी?’’ एवढे विचारून मगच ती मोजून काडतुसे देई. परत आल्यावर उरलेली मोजून घेई. कलेक्टरपेक्षा कडक कारभार!

निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या. आम्ही मुले खुंटीला हात लावला तर पाठीत धपाटा बसे आणि वडील एकच वाक्य म्हणत, ‘‘बंदूक कधीच रिकामी नसता गो.’’ ती रिकामी आहे हे मला स्पष्ट दिसत असे. तरी ते वाक्य हाडात मुरले.

चौथ्या दिवशी मी मुलाला हे सगळे सांगितले. तो हसला. ‘‘आई, आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिला नियम हाच शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं.’’ पहिल्यांदाच त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. मग मी विचारले, ‘‘तुझी भरलेली असते का?’’

‘‘असते. वेळेला काय गोळ्या शोधत बसू?’’

‘‘आणि पेटीची किल्ली?’’

‘‘ती कोणाला माहीत नाही. माझ्या मोज्यांच्या खणात, अगदी मागे.’’

दुपारी नातवाबरोबर पत्ते खेळताना मी अगदी सहज विचारले, ‘‘बाबाच्या लोखंडी पेटीची किल्ली कुठे असते रे, माहीत आहे तुला?’’ पत्त्यांवरची नजर न काढता तो म्हणाला, ‘‘सॉक्सच्या ड्रॉवरमध्ये.’’

मुलगा दारातच उभा होता. त्याचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. मुलांना जागा ठाऊक नाही असे आईवडील खात्रीने सांगतात आणि मुलांना ती बरोबर ठाऊक असते, हे तिथल्या संशोधकांनाही आढळलेले आहे. आणि हा कल्पनेतला धोका नाही. २०२० पासून अमेरिकेत मुले आणि किशोरवयीन यांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांनाही मागे टाकले आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते की, सर्वांत सुरक्षित घर बंदूक नसलेलेच. पण असलीच तर ती रिकामी, कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. थोडक्यात, आमच्या आजीची ट्रंक.

त्या संध्याकाळी दुसरी पेटी आली. गोळ्या तिच्यात गेल्या, तिची किल्ली सुनेकडे आणि पिस्तुलाची किल्ली मुलाच्या गळ्यातल्या साखळीत. यांनी हॉटेलचा हट्ट सोडला. मत नाही सोडले.

विचारणारी आई

याच आठवड्यात आणखी एक गंमत झाली. नातवाच्या वर्गातला एक मुलगा खेळायला यायचा होता. त्याच्या आईचा आधी फोन आला. मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, घरात कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, असे विचारता विचारता त्याच सुरात तिने विचारले, ‘‘आणि घरात बंदूक आहे का? कुलपात असते का?’’ मला वाटले, आता सुनेला राग येणार. ती शांतपणे म्हणाली, ‘‘हो, आहे. रिकामी असते, कुलपात असते, गोळ्या वेगळ्या.’’ पलीकडून ‘‘थँक यू’’ आले आणि मुलगा खेळायला आला. असे विचारायची लोकांना सवय व्हावी म्हणून तिथे २१ जूनला खास दिवसही पाळतात.

आम्ही तीन दिवस ‘बंदूक हवी की नको’ यावर डोकी फोडली आणि या बाईने अर्ध्या मिनिटात उपयोगाचे तेवढे विचारून घेतले! तिने कोणाला खुनी ठरवले नाही, की कोणाचे संस्कार काढले नाहीत. आणि सुनेनेही ‘हा आमचा हक्क आहे’ असे भाषण केले नाही.

सर्वांत अवघड प्रश्न

मात्र एक प्रश्न राहिला होता आणि तो अनोळखी बाई विचारू शकत नाही. तो घरच्यांनीच विचारायचा असतो. निघायच्या आदल्या रात्री मी मुलाला म्हटले, ‘‘एखाद दिवशी तुझंच मन थाऱ्यावर नसेल, तर ही पेटी कोणाकडे देशील?’’

तो दुखावला. ‘‘आई, मी तुला वेडा वाटतो का?’’

मग मी त्याला आमच्या वाडीतली एक गोष्ट सांगितली. माझ्या लहानपणी एका शेजाऱ्याचे कर्जाने डोके फिरायची वेळ आली होती. एके संध्याकाळी त्याची बायको मागच्या दाराने वडिलांकडे आली. ‘‘भावोजी, ह्येंका रातची झोप नाय. ती बंदूक घरात नको.’’ वडील सकाळीच त्याच्याकडे गेले. उपदेश केला नाही, कारण विचारले नाही. म्हणाले, ‘‘चल, ठाण्यार जावन येवया. बंदूक थंयच ऱ्हवांदे थोडे दिस.’’ दोघे चालत गेले आणि निवडणूक नसताना बंदूक जमा करून आले. पीक निघाल्यावर तो हसतखेळत ती परत घेऊन आला. त्याला कोणी वेडा म्हटले नाही.

अमेरिकेत २०२३ साली बंदुकीने शेहेचाळीस हजारांहून जास्त माणसे गेली. त्यांतले सत्तावीस हजारांहून जास्त मृत्यू आत्महत्येचे. चोर, दरोडेखोर, माथेफिरू यांची भीती आपण बाळगतो. पण निम्म्याहून जास्त वेळा गोळी मालकाच्या नाहीतर त्याच्या घरच्याच माणसाच्या हातून त्याच्याच अंगावर सुटते. इतर मार्गांनी प्रयत्न केलेली बरीच माणसे वाचतात आणि पुढे जगतात. बंदुकीपुढे दहातला एखादाच वाचतो. म्हणून तो वाईट काळ टळेपर्यंत बंदूक हाताशी नसणे, एवढ्यानेही जीव वाचतो.

मुलगा काही बोलला नाही. पण विमानतळावर मला म्हणाला, ‘‘हिला सांगून ठेवलंय. ती मागेल तेव्हा किल्ली देईन.’’

पुढच्याच वर्षी संगणक कंपन्यांत नोकरकपातीची लाट आली आणि त्याची नोकरी गेली. घराचा हप्ता, शाळा, सगळेच अंगावर आले. फोनवर तो ‘‘ठीक आहे’’ म्हणे आणि मागून सुनेचा आवाज उतरलेला असे. एका रात्री तिचा एकटीचा फोन आला. ‘‘आई, चार दिवस हा झोपला नाहीये. काल मी त्याच्यापुढे नुसता हात पसरला. त्याने गळ्यातली किल्ली काढून दिली. मग खूप रडला.’’ नंतर ते दोघे डॉक्टरांकडे गेले. आठ महिन्यांनी नोकरी मिळाली. किल्ली आणखी सहा महिने तिच्याकडेच होती.

ती त्या रात्री हात पसरू शकली, कारण तो प्रश्न आधीच, चांगल्या दिवसांत विचारून झाला होता. ऐन संकटात पहिल्यांदा विचारला असता, तर तो आरोप वाटला असता.

आमच्या घरातला वाद आजही मिटलेला नाही. यांचे म्हणणे, विकून टाक. मुलाचे म्हणणे, बघू. मी कोणाच्या बाजूने, असे विचाराल तर ती वस्तू माझ्या नातवाच्या घरात नसती तर मला बरे वाटले असते. पण असे नुसते म्हणत राहिले असते, तर किल्ली मोज्यांच्या खणातच राहिली असती.

दर रविवारी सकाळी फोन होतो. हे आधी विचारतात, ‘‘जेवलास का?’’ आणि लगेच, ‘‘पेटीला कुलूप आहे ना?’’ पूर्वी या प्रश्नावर मुलगा चिडायचा. हल्ली तो म्हणतो, ‘‘हो बाबा, दोन्ही पेट्यांना.’’ मग नातवाला फोन देतो.