ग्राहक म्हणतो, ‘पिराना द्या!’ मग तुम्ही काय विकाल?



कोल्हापुरात अ‍ॅक्वेरियमचं दुकान टाकलंत, की एक गिऱ्हाईक हमखास येणार. कॉलेजचा पोरगा, सोबत दोन मित्र. ‘मालक, पिराना हाय काय? चार द्या, घरी दोन फुटी टाकी हाय.’ या एका वाक्याला तुम्ही काय उत्तर देता, त्यावर तुमचं दुकान सहा महिन्यांनी कसं चालेल हे बऱ्यापैकी ठरतं. म्हणून आज हा विषय सविस्तर.

आधी कायद्याचं. पिरान्हा मासा भारतात आयात करायला परवानगी नाही. मग बाजारात ‘पिरान्हा’ म्हणून जे लाल पोटाचं पिल्लू मिळतं ते काय असतं? बहुतेक वेळा तो रूपचंद असतो. होय, तोच, जो मासळी बाजारात किलोवर मिळतो. इंग्रजीत त्याला पाकू म्हणतात. दोघंही मूळचे दक्षिण अमेरिकेचे, एकमेकांचे भाऊबंद. ओळखायचं कसं? तोंड बघा. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि दात करवतीसारखे त्रिकोणी. रूपचंदाचे दात सपाट, आपल्या दाढांसारखे, कारण तो पाण्यात पडलेली फळं आणि कठीण बिया फोडून खातो.

पिल्लू असताना दोन इंचांचा रूपचंद गोंडस दिसतो. पण वाढला की तो दीड फुटाच्या घरात जातो, त्याहूनही मोठा होऊ शकतो. दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येणार नाही. वर्षभरात गिऱ्हाईक परत येतं, आणि तेव्हा ते खरेदीला आलेलं नसतं, भांडायला आलेलं असतं. त्यामुळे रूपचंदाला पिरान्हा म्हणून विकणं हा धंदा नाही, ती फसवणूक आहे. मी तरी तिला दुसरं नाव देणार नाही.

मग खरा पिरान्हा एकत्र राहतो कसा?

हे तुम्हाला माहीत पाहिजे, कारण गिऱ्हाईक विचारणारच. सिनेमात दाखवतात तसा कळप करून शिकार करणारा हा प्राणी नाही. अ‍ॅन मॅगुरन आणि हेल्डर केइरोझ या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं, की लाल पोटाचा पिरान्हा थवा करतो तो स्वतःला वाचवायला. दोघंच असले तर त्यांचा श्वास जास्त वेगाने चालतो, आठ जण असले तर शांत. म्हणजे घाबरलेला मासा आहे हो हा! नदीत त्यालाही खाणारे आहेतच.

भांडतात ते मात्र खरं. २०११ मध्ये बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचे आवाज रेकॉर्ड केले. समोरासमोर धमकावताना एक, खाण्यावरून झटापट झाली की दुसरा, आणि पाठलाग करताना चक्क दात वाजवण्याचा तिसरा. नदीत हरलेला मासा पळून जातो. टाकीत पळणार कुठे? काच आडवी येते. मग शेपटी कुरतडली जाते, जखमी मासा कोपऱ्यात जातो, आणि एका सकाळी टाकीत एक मासा कमी असतो.

मासे पाळणारे जाणकार साधारण दर पिरान्हामागे ७५ लिटर पाणी धरतात. आता हिशोब करा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी म्हणजे ५६ लिटर, एकालाही कमी. चार बाय दीड बाय दीड म्हणजे साधारण २५५ लिटर, त्यात तीनच बसतात. आणि तीन हा सगळ्यात वाईट आकडा, कारण दोघं मिळून तिसऱ्याच्या मागे लागतात. तीन तिघाडा, काम बिघाडा! सहा बाय दोन बाय दोन घेतली तर ६८० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ६८० किलो. वरच्या मजल्यावरच्या घरात हे वजन कुठे ठेवणार? हा हिशोब कागदावर मांडून दाखवलात, की गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, ‘मग दुसरं काय आहे?’

दुसरं काय आहे

त्या पोराला पिरान्हा नको असतो. त्याला टाकीत हालचाल, रंग आणि थोडी मारामारी पाहिजे असते. त्यासाठी आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड आहेत, त्यातले ‘म्बुना’ जातीचे. चार-पाच इंचांचे, पिवळे, निळे, केशरी. आणि भांडकुदळ तर इतके की नाद खुळा!

यांना एकत्र ठेवायची युक्ती नवख्याला उलटी वाटते: संख्या थोडी जास्त ठेवायची. चार मासे ठेवलेत तर दांडगा नर एकालाच धरून मारतो. चार फुटी टाकीत पंधरा-वीस ठेवलेत तर त्याचा राग सगळ्यांवर वाटला जातो, कुणा एकाचा जीव जात नाही. एका नरामागे तीन-चार माद्या. दगड रचून भरपूर कपारी. सगळे मासे शक्यतो एकाच दिवशी, एकाच मापाचे सोडायचे. पुढे नवीन सोडायचा असेल तर आधी दगडांची मांडणी बदला. हद्दी पुसल्या जातात, जुने मासे पुन्हा घर शोधण्यात गुंततात. पाणी यांना जड लागतं, पीएच पावणेआठ ते साडेआठ. बोअरचं पाणी बऱ्याचदा चालून जातं, पण किटने तपासल्याशिवाय शब्द देऊ नका.

ज्याच्याकडे अडीच-तीन फुटीच टाकी आहे, त्याला टायगर बार्ब द्या, आठ-दहाच्या घोळक्याने. दोन-तीन दिलेत तर ते बाकीच्यांचे पर तोडत बसतील.

आता तुमच्या कमाईचा भाग. जास्त मासे म्हणजे जास्त घाण. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावं लागतं, फिल्टर दमदार लागतो, आणि वीज गेली की ऑक्सिजन झपाट्याने घटतो. त्यामुळे टाकीसोबत बॅटरीवरचा एअर पंप आणि महिन्याची सर्व्हिस विका. मासा एकदा विकला जातो, सर्व्हिसचे पैसे दर महिन्याला येतात. शिवाय म्बुनाची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे घरच्या घरी पैदास जमते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालन युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता आणि अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्याचे नियम मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा.

शेवटची गोष्ट पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. घरात पाणी शिरलं की टाकीतला मासा थेट नदीत. कंटाळलेला मालक तर पुराचीही वाट बघत नाही, तलावात सोडून मोकळा होतो. अ‍ॅक्वेरियममधला सकर मासा उजनीत कसा माजला आणि जाळी कशी फाडतो, हे तिथल्या मच्छीमारांना विचारा. म्हणून बिलावर एक ओळ छापून घ्या: ‘मासा नको झाला तर नदीत सोडू नका, आम्ही परत घेतो.’ आणि आलेल्या माशांसाठी दुकानाच्या मागे एक रिकामी टाकी कायम तयार ठेवा.