मयतांची यादी आणि बहिणीची सही

२०२५च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देऊळगाव राजाच्या आसपास गावोगावी चावडीवर मयत खातेदारांच्या याद्या वाचल्या गेल्या. तलाठी नाव वाचायचे आणि खाली बसलेल्यांतून कोणीतरी म्हणायचं, ‘गेले ते, पोळ्याच्या आधीच गेले.’ माझ्या आजोबांचं, अप्पांचं, नाव आलं तेव्हा मला क्षणभर बोलता आलं नाही. त्यांना जाऊन १९ वर्षं झाली होती. वावर अजून त्यांच्याच नावावर होतं.

हे वाचन ज्यासाठी होतं ती, मयतांच्या जागी वारसांची नावं लावणारी ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर गेली असली तरी तिची सुरुवात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली, १ मार्चची, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. वारसांनी कागद देण्याची मुदत २० एप्रिलला संपली, फेरफार घेऊन सातबारा दुरुस्त करायला १० मेपर्यंत वेळ होता. मयताच्या नावावर पीककर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई अडकते, हे कोणाला नव्यानं सांगायला नको. मला बोलायचं आहे ते दुसऱ्या यादीबद्दल, वारसांच्या.

चावडीवाचन ऐकताना मला जुन्या इंग्लंडमधलं मॅनर कोर्ट आठवत होतं. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथले पुष्कळ शेतकरी ‘कॉपीहोल्ड’नं जमीन धरायचे. जमीनदाराच्या दरबारी दप्तरात नोंद व्हायची आणि तिची नक्कल शेतकऱ्याला मिळायची. ती नक्कल, म्हणजे कॉपी, हाच त्याच्या हक्काचा कागद. खातेदार वारला की गावचे पंच दरबारात तसं सांगत आणि कारभारी वारसाच्या नावानं पुकारा करी, लागोपाठ तीन बैठकांत. कोणीच आलं नाही तर जमीन जमीनदाराकडे. वारस आला तर त्यानं नजराणा भरायचा आणि कारभाऱ्यानं पुढे केलेल्या काठीचं टोक धरून जमीन स्वीकारायची. बऱ्याच ठिकाणी तर मेलेल्याच्या गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावर जमीनदार घेऊन जाई. घरचा कर्ता गेला त्याच वर्षी दावणीचा उमदा बैल जाणं म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला समजावावं लागत नाही. कॉपीहोल्ड कायद्यानं संपलं ते थेट १९२६च्या १ जानेवारीला.

आणि वारस कोण? बहुतेक ठिकाणी थोरला मुलगा, एकटा. केंट परगण्यात सगळे मुलगे सारख्या वाट्याचे, तर काही गावांत धाकटाच मालक. मुलीचा नंबर मुलगा नसेल तरच. विधवेला हयातीपुरती जमीन मिळे, पण तिनं पुन्हा लग्न केलं की अनेक गावांत तीही जाई. आपल्याकडे वतन भावाभावांत वाटलं जाई, थोरल्याकडे वडीलकीचा मान राही. लेकीसाठी चोळीबांगडी.

इथे मला एका बाईंबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेडी अ‍ॅन क्लिफर्ड, जन्म १५९०. म्हणजे आपल्या शेजारच्या सिंदखेड राजात जन्मलेल्या जिजाऊसाहेबांपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. अ‍ॅन १५ वर्षांची असताना १६०५ मध्ये वडील वारले. उत्तर इंग्लंडमधली सारी जहागीर त्यांनी मृत्युपत्रानं आपल्या भावाला दिली आणि लेकीला १५,००० पौंड. अ‍ॅनचं म्हणणं असं की, शतकांपूर्वीच्या राजसनदेनुसार ही जमीन पोटच्या वारसाची आहे, मग तो मुलगा असो की मुलगी. नवऱ्याला रोख रक्कम हवी होती. सही कर म्हणून तो वर्षानुवर्षं तिच्या मागे लागला. १६१७ मध्ये खुद्द राजा पहिला जेम्स यानं तिला समोर बोलावून निवाडा मान्य करायला सांगितलं. तिनं नकार दिला. राजानं निकाल विरोधात दिला तरी ती मागे हटली नाही. अखेर १६४३ मध्ये त्या काकाचा मुलगा, म्हणजे तिचा चुलतभाऊ, मुलाविना वारला आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी जमीन तिच्याकडे आली. मग तिनं तिथले पडके किल्ले पुन्हा उभे केले.

तिच्यापुढे ठेवलेला तो कागद म्हणजे आपलं हक्कसोडपत्रच. फरक एवढाच, की तिच्यामागे नवरा लागला होता, आपल्याकडे भाऊ असतो आणि तो मायेनं मागतो. ‘ताई, उद्या एवढी सही करून जा, मग माहेर तुझंच आहे.’ बहीण सकाळच्या एसटीनं येते, अंगठा किंवा सही देते, साडी घेऊन परत जाते. रस्त्यात जमीन गेली आणि मोबदला आला, की ज्या बहिणीचं नाव कुठेच नव्हतं तिचीही संमती लागते म्हणून शोधाशोध होते. हे सगळं प्रेमाच्या नावाखाली चालतं, म्हणून मला ते जास्त लागतं.

कायदा तर स्पष्ट आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, अट फक्त एवढी की त्या वर्षी २२ जूनपूर्वी तिचं लग्न झालेलं नसावं. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अटही गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. पण जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकट्यांची नावं नाहीत, बहिणींची तर नाहीतच. दोन पिढ्या गेल्या की मॅनेजरची मुलं स्वतःला मालक समजू लागतात. इंग्लंडनं थोरल्याचा हक्क निदान उघडपणे मान्य केला होता. आपण तो तीन अक्षरांत दडवला.

भावांना भीती वाटते ती वावराचे तुकडे पडण्याची. शेडनेटमधल्या बियाण्याच्या प्लॉटला दहा गुंठेही मोलाचे असतात, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण वारस नोंद म्हणजे खातेफोड नव्हे. नाव लागल्यानं धुरा हलत नाही.

आमच्या आत्याला मी हेच सांगायला बसलो होतो. तिनं मला मध्येच थांबवलं. ‘वावर तूच कर रे, मला काही नांगरायचं नाही. पण अप्पांच्या जमिनीवर माझं नाव असू दे.’ आधार कार्डावर तिचं सासरचं नाव आहे. अर्जातल्या मोकळ्या जागेत तिनं स्वतःच्या हातानं वडिलांचं नावही लिहिलं, सावकाश, आणि मगच कागद तलाठ्यांकडे सरकवला.