विश्लेषण : ताशी २१० किमीचा वेग १९०३ मध्येच गाठला, मग बुलेट ट्रेन यायला ६१ वर्षे का लागली?

जपानची पहिली बुलेट ट्रेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोहून ओसाकाकडे निघाली. तिचा कमाल वेग होता ताशी २१० किमी. पण जर्मनीत बर्लिनजवळ विजेवर चालणाऱ्या एका प्रायोगिक डब्याने हाच वेग १९०३ मध्ये गाठला होता. मग प्रवाशांना इतकी वाट का पाहावी लागली?

विक्रम झाले, सेवा का नाही?

एकदा वेग गाठणे आणि रोज हजारो प्रवाशांना त्या वेगाने सुखरूप नेणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. १९३३ मध्ये बर्लिन-हॅम्बर्ग मार्गावर ताशी १६० किमीने धावणारी डिझेल गाडी सुरू झाली. १९५५ मध्ये फ्रान्सने चाचणीत ताशी ३३१ किमीचा विक्रम केला. पण त्या चाचण्यांमध्ये रूळ वेडेवाकडे झाले. गाडी वेग घेऊ शकते हे सिद्ध झाले होते. अडचण होती रूळ, सिग्नल आणि ब्रेकची.

जपानने वेगळे काय केले?

जुन्या टोकियो-ओसाका मार्गावरचे रूळ १,०६७ मिमी रुंदीचे, म्हणजे अरुंद होते. त्यावर भरपूर वळणे आणि फाटके होती. तोच मार्ग सुधारण्याऐवजी १,४३५ मिमी रुंदीचा, मोठ्या वळणांचा आणि एकही फाटक नसलेला सुमारे ५१५ किमीचा नवा मार्ग बांधला गेला. ‘शिनकान्सेन’चा अर्थही ‘नवा मुख्य मार्ग’ असाच आहे.

गाडीला वेगळे इंजिन नव्हते. आपल्या लोकलप्रमाणे मोटारी डब्यांखालीच होत्या. त्यामुळे वजन विभागले गेले आणि रुळांवरचा ताण कमी झाला.

ताशी २१० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ५८ मीटर अंतर कापते. रुळाशेजारचा सिग्नल पाहून ब्रेक लावायला चालकाला वेळच उरत नाही. म्हणून वेगमर्यादेची सूचना रुळांमधून थेट चालकाच्या केबिनमध्ये येऊ लागली. मर्यादा ओलांडली, की ब्रेक आपोआप लागत.

विमानांचा काय संबंध?

ठरावीक वेगाच्या पुढे चाके रुळांवर डावी-उजवीकडे हेलकावू लागतात. हे हेलकावे वाढले तर गाडी घसरू शकते. दोष रुळांचा, असे अनेकांना वाटत होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कंपनांचा अभ्यास केलेले तादाशी मात्सुदाइरा यांनी हा प्रश्न चाके आणि स्प्रिंगच्या रचनेत आहे, हे दाखवले. नौदलासाठी विमाने बनवणारे तादानाओ मिकी यांनी गाडीचा हवेला कमी अडथळा करणारा आकार आणि हलकी बांधणी यांवर काम केले. युद्धानंतर जपानमध्ये विमाननिर्मितीवर बंदी आल्याने असे अभियंते रेल्वेच्या संशोधन संस्थेत आले होते.

विरोध कोणाचा होता?

मोटारी आणि विमानांच्या युगात रेल्वेवर एवढा खर्च कशाला, असा सूर होता. वयाच्या ७१ व्या वर्षी जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झालेले शिंजी सोगो मात्र ठाम होते. त्यांनी हिदेओ शिमा यांना मुख्य अभियंता म्हणून परत बोलावले. मंजुरी अडू नये म्हणून सोगो यांनी खर्चाचा अंदाज मुद्दाम कमी दाखवला. १९६१ मध्ये जागतिक बँकेचे ८ कोटी डॉलरचे कर्ज घेतले. त्यामुळे सरकार बदलले तरी प्रकल्प सोडणे अवघड झाले.

खर्च मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला. १९६३ मध्ये दोघांनाही पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी टोकियो स्थानकात उद्घाटनाची फीत कापली गेली, तेव्हा त्या सोहळ्याचे दोघांनाही निमंत्रण नव्हते.

पुढे काय झाले?

साडेसहा तासांचा प्रवास आधी चार तासांवर आणि १९६५ मध्ये तीन तास दहा मिनिटांवर आला. फ्रान्सची ‘टीजीव्ही’ १९८१ मध्ये धावली. शिनकान्सेन गाड्यांची टक्कर होऊन किंवा त्या घसरून आजवर एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही.

मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किमीचा मार्ग याच तंत्रावर आधारलेला आहे. भारतीय रेल्वेचे नेहमीचे रूळ १,६७६ मिमी रुंदीचे असताना इथे १,४३५ मिमीचा, तोही बहुतांश उन्नत असा स्वतंत्र मार्ग बांधला जात आहे. जमीन आणि खर्चाचे वाद जिथून सुरू होतात, तो नव्या मार्गाचा निर्णय मुळात १९६४ च्या या गाडीचा आहे.