पंधरा सेकंदांमागचे नऊ तास

तास चालू असताना मागच्या बाकावर मोबाइल चाळणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने काय म्हणावे, याविषयी आमच्या व्यवसायात मतभेद नाहीत. प्रस्तुत लेखकानेही ते सर्व म्हटले आणि वर मोबाइल काढून घेतला. (‘भ्रमणध्वनी’ हा शब्द आम्ही उत्तरपत्रिकेपुरता राखून ठेवला आहे.) पडद्यावर एखादा खेळ किंवा गप्पा असतील अशी अपेक्षा होती. दिसले ते निराळेच. वर अजस्र तलवार पेललेल्या एका योद्ध्याचे काळ्या-पांढऱ्या रेषांतले चित्र, आणि त्याखाली विटांच्या थरांप्रमाणे एकावर एक रचलेल्या तीस-चाळीस बारीक पट्ट्या. तास संपल्यावर विचारले तेव्हा द्वितीय वर्ष वाणिज्यच्या त्या मुलाने मान खाली घालून सांगितले, “सर, एडिट बनवतोय. पंधरा सेकंदांचं आहे. नऊ तास झाले, अजून पूर्ण नाही.”

पंधरा सेकंदांसाठी नऊ तास! ज्या मुलाला पाठ्यपुस्तकाची दोन पाने सलग वाचण्याचा कंटाळा येतो, त्याने कोणी न सांगता, गुणांची वा पैशाची आशा नसताना नऊ तास एका कामाला द्यावेत, ही गोष्ट कोणाही शिक्षकाने विचार करण्याजोगी आहे. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने तर विशेषच, कारण श्रम कोठे जातात आणि त्यांचे फळ कोणाच्या पदरात पडते, हाच आमच्या शास्त्राचा मूळ प्रश्न.

‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा. बहुतेक काळ्या-पांढऱ्या छपाईत निघणारी आणि उजवीकडून डावीकडे वाचायची. तिच्यातील निश्चल चौकटींना गती देऊन संगीताच्या ठेक्यावर बसवायचे, की झाले एडिट. ऐकायला हे सोपे वाटते. त्या मुलाने मला करून दाखवले तेव्हा सोपेपणाची कल्पना मावळली. प्रथम चौकट निवडायची. तीतील संवादांचे फुगे पुसायचे. मग योद्ध्याची आकृती बोटाने कडेकडेने कापून पार्श्वभूमीपासून अलग करायची आणि मागे पडलेले भोक आजूबाजूच्या रेषांनी बुजवायचे. आकृती एका थरावर, डोंगर दुसऱ्यावर, आकाश तिसऱ्यावर. डोंगर सावकाश सरकला आणि योद्धा वेगाने पुढे आला, म्हणजे सपाट कागदाला खोली येते. आकृती या क्षणी येथे आणि त्या क्षणी तेथे, एवढेच आपण नेमून द्यायचे. मधला प्रवास यंत्र भरून काढते. तो प्रवास मात्र एकसारख्या वेगाने झाला तर निर्जीव दिसतो. म्हणून वेगाचा एक वक्र असतो. तो आरंभी सपाट, मध्ये तीव्र आणि शेवटी पुन्हा सपाट असा ओढावा लागतो.

हा वक्र पाहून प्रस्तुत लेखकाला आपुलकी वाटली, हे कबूल केले पाहिजे. मागणीच्या वक्राचा चढ म्हणजे काय, हे याच मुलाला सहामाही परीक्षेत सांगता आले नव्हते. येथे तो कोणत्या बिंदूला चढ किती तीव्र हवा, हे बोटाने दाखवत होता, आणि चुकला तर काय बिघडते तेही सांगत होता. ठेक्याचा हिशेब तर त्याला तोंडपाठ. मिनिटाला १२० ठोके असले तर दर अर्ध्या सेकंदाला एक. सेकंदाला ३० चित्रे धरली तर दोन ठोक्यांत १५ चित्रे. पंधरा सेकंदांत तीस ठोके. चौकट दोन चित्रे उशिरा पडली तरी पाहणाऱ्याला खटकते, असे त्याचे म्हणणे. मी दोनदा पाहिले आणि मलाही खटकले.

ही कला मोबाइलबरोबर जन्मली, असा मात्र त्याचा समज होता. तो खरा नाही. ओसामू तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे होते. म्हणून थोडी चित्रे काढायची, तीच पुन्हा वापरायची आणि निश्चल चित्रावरून कॅमेरा फिरवून गतीचा भास निर्माण करायचा, ही युक्ती त्यांनी रूढ केली. नागिसा ओशिमा या दिग्दर्शकाने तर १९६७ मध्ये सान्पेई शिराटो यांच्या निन्जा चित्रकथेवर पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तो नट न घेता आणि चित्रे न हलवता. मूळ रेखाटनांवरून कॅमेरा फिरला आणि त्यांना आवाज व संगीताची जोड मिळाली, एवढेच. हे शिराटो उमेदवारीच्या काळात रस्त्यावर चित्रे दाखवून गोष्ट सांगणाऱ्यांसाठी चित्रे काढीत असत. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथींना हा धंदा परका वाटला नसता. पुढे १९८२ मध्ये जिम कपोष्टास या अमेरिकन तरुणाने दोन व्हिडिओ यंत्रे जोडून जपानी मालिकेतील तुकडे एका गाण्यावर बसवले, आणि रसिकांनी घरी बसून करण्याच्या या उद्योगाचा आरंभ तेथून मानतात. ओशिमांना जे करण्यास स्टुडिओ लागला, ते आज अलाइट मोशनसारख्या अ‍ॅपच्या साहाय्याने एस. टी. स्टँडच्या बाकावर बसून होते.

आता या पंधरा सेकंदांचे जमाखर्च मांडून पाहू. यात पहिले श्रम मूळ चित्रकाराचे. त्या मुलाचा योद्धा केंतारो मिउरा यांच्या ‘बर्सर्क’मधला. ही कथा त्यांनी १९८९ पासून चालवली. रेषांचे असे घनदाट जाळे विणणारा चित्रकार विरळा. ६ मे २०२१ रोजी महाधमनी विदीर्ण होऊन ते गेले, तेव्हा ५४ वर्षांचे होते आणि कथा अपुरी होती. त्यांच्या हातची एक चौकट एडिटमध्ये अर्धा सेकंद दिसते. तिचा मोबदला शून्य. दुसरे श्रम या मुलाचे, मोबदला शून्य. तिसरा पक्ष म्हणजे ज्या मंचावर हे पाहिले जाते त्याची मालक कंपनी. तिने चित्र काढले नाही, कापलेही नाही. पण एका एडिटकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये जी जाहिरात येते, तिचे पैसे तिच्याकडे जातात. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहितीची रेलचेल झाली म्हणजे टंचाई पडते ती लक्ष देण्याच्या शक्तीची. ज्याची टंचाई, त्याला भाव. तो भाव कोण वसूल करतो, एवढाच प्रश्न उरतो.

वाटा मिळतच नाही असे नव्हे. यूट्यूबने फेब्रुवारी २०२३ पासून लघुचित्रफितींच्या जाहिरात-उत्पन्नात वाटा देऊ केला. त्यासाठी १ हजार वर्गणीदार आणि ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले जाणे, अशी अट आहे. शिवाय दुसऱ्याच्या सामग्रीवर आधारलेली कृती या वाट्यास सहसा पात्र ठरत नाही. तात्त्विकदृष्ट्या हे योग्यच म्हणावे लागेल. गंमत अशी की, अपात्र कृती पाहण्यात गेलेल्या वेळाचे उत्पन्न मूळ चित्रकाराकडे आपोआप वळते असेही नाही.

आमच्या मुलाच्या बाबतीत तर शेवट याहून रुक्ष झाला. ज्या मंचावर त्याने दीड वर्ष कृती टाकल्या, तेथे हक्कभंगाच्या तक्रारीवरून एका रात्रीत त्याचे सारे खाते बंद झाले. कायद्याने पाहता त्याला बोलायला जागा थोडी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम खासगी वापर, टीका, परीक्षण यांना मोकळीक देते. चौकटी संगीतावर नाचवून जगाला दाखवणे त्यात बसवणे कठीण. जपानात १९७५ पासून टोकियोला रसिकांच्या स्वनिर्मित चित्रकथांचा बाजार भरतो आणि तिथले प्रकाशक त्याकडे बहुधा काणाडोळा करतात, कारण उद्याचे चित्रकार तेथेच तयार होतात हे त्यांना कळते. हा काणाडोळा म्हणजे हक्क नव्हे. पण त्यात धंद्याचे शहाणपण आहे.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, हे सारे व्यसन आहे. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, त्यानंतर रात्रीच्या झोपेची किंमतही उतरली. बहुतेक एडिट दुसऱ्याने आखून दिलेल्या साच्यात चित्रे कोंबून केलेले असतात. त्यांचा झगझगाट आणि दणदणाट असह्य होतो. परंतु दहांतला एक मुलगा साचा मोडून वक्र स्वतः ओढू लागतो, आणि आपली व्यवस्था त्याला उरलेल्या नऊजणांतच धरते. पिगू यांनी १९२० मध्ये एक कोडे घातले होते. घरकाम करणाऱ्या बाईशी मालकाने लग्न केले तर काम तेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न घटते. आमच्या महाविद्यालयाचा हिशेब याच जातीचा आहे. संकलनाच्या खासगी वर्गाची फी भरून मिळवलेले प्रमाणपत्र आम्ही फाइलला लावून घेतो; तेच कौशल्य मागच्या बाकावर फुकट कमावले तर ती बेशिस्त ठरते.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने कौशल्याच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक देण्याची वाट उघडली आहे. तिचा येथे उपयोग का करू नये? उसन्या चौकटींची अडचण तर सहज सुटण्याजोगी आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. नाथमाधव १९२८ मध्ये गेले. त्यांच्या ‘वीरधवल’वर कोणीही, कोणाची परवानगी न घेता, चौकटी काढाव्यात आणि हलवाव्यात. मी हे त्या मुलाला सुचवले. त्याने विचारले, “पण सर, काढणार कोण? मला कापता येतं, काढता येत नाही.” प्रश्न रास्त होता. कलाशाखेतील एका मुलीची वही आठवली, तिला निरोप धाडला आहे. ती अद्याप आलेली नाही.

दरम्यान त्याच्या गल्लीतील छायाचित्रकाराने लग्नाच्या आमंत्रणाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत त्याच्याकडून करून घेतली आणि सातशे रुपये दिले. त्याने ती मला दाखवली. तीत तलवार नव्हती, पण सनईच्या ठेक्यावर मागचा मंडप सावकाश सरकत होता, वधूवर पुढे येत होते, आणि वक्र तोच होता. किती वेळ लागला, असे मी विचारले.

“दोन तास, सर. घाई होती. हळद दुसऱ्याच दिवशी होती.”