हरकत नसेल तर

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सहा मुख्य समित्या आहेत. त्यातली सहावी कायद्याची. तिच्यात 193 सदस्य देशांपैकी प्रत्येकाला जागा असते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिचं काम न्यूयॉर्कमध्ये चालतं. पुढचा दिनक्रम कुणा एका व्यक्तीचा नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस येणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय कायदा सप्ताहा'त भारतीय बाकावर बसणाऱ्या कुणाही कायदेविषयक अधिकाऱ्याचा दिवस साधारण असाच जातो.

सकाळी 7.00

न्यूयॉर्कमध्ये सात वाजतात तेव्हा दिल्लीत दुपारचे साडेचार झालेले असतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या कायदे व करार विभागातली माणसं टेबल आवरायच्या आत त्यांच्याकडून उत्तर हवं असेल, तर फोन आत्ताच करायला हवा. प्रश्न बहुधा एखाद्या क्रियापदाचा असतो. ठरावात अमुक अहवालाचं 'स्वागत' करायचं, की त्याची नुसती 'नोंद' घ्यायची? 'नोंद घेणे' म्हणजे मान्यताही नव्हे आणि नापसंतीही नव्हे, असा निर्णय आमसभेने 2001 मध्ये रीतसर करून ठेवला आहे. 'स्वागत' मात्र पुढेमागे अंगाशी येऊ शकतं. दहा वर्षांनी एखाद्या खटल्यात समोरचा वकील तोच ठराव पुढे करून म्हणेल, 'तुम्हीच तर याचं स्वागत केलं होतंत!' म्हणून दिल्ली इथे ताकही फुंकून पिते.

सकाळी 8.30

भारताचं स्थायी मिशन 43व्या रस्त्यावर आहे. ही इमारत मुंबईचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी उभी केली. इथून संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय पायी काही मिनिटांवर. निघण्यापूर्वी दोन कामं उरकायची. पहिलं, संयुक्त राष्ट्रांचं दैनिक 'जर्नल' वाचून कुठली बैठक कुठल्या खोलीत आहे ते पाहायचं. दुसरं, आजच्या निवेदनाची प्रत दुभाष्यांकडे पाठवायची. प्रत न पाठवता भरधाव वाचणाऱ्या प्रतिनिधीचा मुद्दा दुभाष्याच्या हातून निसटतो, आणि तो ज्यांच्यासाठी मांडला त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

सकाळी 9.00

गटांच्या बैठका. अलिप्त राष्ट्रांचा गट, आफ्रिकी गट, युरोपीय संघ, कॅरिबियन देश, नॉर्डिक देश, प्रत्येकाचा आपापला कोपरा असतो. गटाच्या नावाने होणारं निवेदन आधी गटात मान्य व्हावं लागतं, त्यामुळे दहा वाजता होणारी घासाघीस इथे नऊलाच सुरू होते. पाच-सहा माणसांच्या मिशनमधून आलेला छोट्या देशाचा प्रतिनिधी याच वेळी दुसऱ्याही एका समितीचं वेळापत्रक मांडीवर घेऊन बसलेला असतो. तिकडेही त्यालाच जायचं असतं.

सकाळी 10.00

अध्यक्ष हातोडा आपटतात. देश इंग्रजी वर्णक्रमाने बसतात, आणि सुरुवात कुठल्या देशापासून करायची ते दरवर्षी चिठ्ठी काढून ठरतं. काचेमागच्या कक्षांतून सहा भाषांत भाषांतर सुरू होतं: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. हे काम इतकं थकवणारं की दुभाषे अर्ध्या तासाच्या आत आळीपाळीने बदलतात.

या आठवड्यात चर्चेला असतो आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचा अहवाल. आंतरराष्ट्रीय कायद्याचा विकास आणि संहितीकरण व्हावं यासाठी आमसभेने पुढाकार घ्यावा, असं सनदेच्या 13व्या कलमात म्हटलं आहे. त्यासाठी 1947 मध्ये हा आयोग स्थापन झाला. पाच वर्षांसाठी निवडलेले त्याचे 34 सदस्य आपापल्या सरकारच्या वतीने नव्हे, तज्ज्ञ म्हणून जिनिव्हात बसतात आणि मसुदे लिहितात. ते मसुदे सरकारांना पटतात का, हे कळतं ते इथे.

अहवालाचे विषय तीन भागांत वाटलेले असतात आणि प्रत्येक भागावर देशामागून देश बोलत जातात. बाहेरून पाहणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. पण एखाद्या नियमाबद्दल देश काय मानतात याचा पुरावा न्यायालयं आणि अभ्यासक पुढे याच निवेदनांत शोधतात. त्यामुळे अशा चर्चेत न बोलणं हाही एक निर्णयच ठरतो. आपली पाळी येईपर्यंत प्रतिनिधी इतरांची वाक्यं टिपून घेतो: कोण कुठल्या कलमावर अडलं, कुणी गेल्या वर्षीची भूमिका गुपचूप बदलली.

दुपारी 1.00

भाषांतर थांबलं की औपचारिक बैठकही थांबते. जेवणाच्या सुट्टीत मात्र कुणी नुसतं जेवत नाही. आशियाई-आफ्रिकी विधी सल्लागार संघटनेची बैठक याच आठवड्यात भरते. बांडुंग परिषदेनंतर 1956 मध्ये जन्मलेल्या या संघटनेचं मुख्यालय नवी दिल्लीत आहे. शिवाय देशोदेशीचे मुख्य विधी सल्लागार राजधान्यांतून आलेले असतात. त्यांना गाठायचं तर सँडविच हातात घेऊनच.

दुपारी 3.00

मोठ्या दालनात निवेदनं चालूच राहतात. खरं काम आता तळघरातल्या एका छोट्या खोलीत सुरू होतं. इथे ठरावाचा मसुदा पडद्यावर असतो आणि ज्या शब्दांवर मतभेद आहेत ते चौकोनी कंसांत. समन्वयक एकेक परिच्छेद वाचतो आणि विचारतो, 'कुणाची हरकत?'

या प्रश्नावर सगळी समिती चालते. सहाव्या समितीत ठराव शक्यतो मतदानाविना, सर्वसंमतीने मंजूर करायचे, अशी जुनी वहिवाट आहे. ती मोडली तर काय होतं याचं उदाहरण प्रतिनिधी एकमेकांना अजून सांगतात. मानवी क्लोनिंगवर एकमत होईना, तेव्हा मामला मतदानावर गेला. मार्च 2005 मध्ये आमसभेने 84 विरुद्ध 34 मतांनी एक जाहीरनामा मंजूर केला आणि 37 देश तटस्थ राहिले. मूळ बेत कराराचा होता. हाती आला तो कुणालाही बांधून न घेणारा जाहीरनामा.

भारताचा स्वतःचा पहिला धडाही हेच सांगतो. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न 1946 मध्ये पहिल्या आणि सहाव्या समितीच्या संयुक्त बैठकीत आला. भारतीय शिष्टमंडळात विजयालक्ष्मी पंडित होत्या आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश मोहम्मदअली करीम छागलाही होते. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असा दक्षिण आफ्रिकेचा युक्तिवाद होता. भारताने 32 विरुद्ध 15 मतांनी ठराव जिंकला. पण दक्षिण आफ्रिकेने तो धाब्यावर बसवला आणि दोनच वर्षांत तिथे वंशभेद हे सरकारी धोरण बनलं. त्या ठरावाचं राजकीय वजन मोठं होतं. ज्याला बांधायचं तोच बाहेर राहिला, तर मतांची बेरीज कायदा घडवत नाही, हेही त्यातूनच दिसलं.

दुपारी 4.15

सर्वसंमतीचीही किंमत असते, आणि ती दहशतवादाच्या फायलीत दिसते. दहशतवादविरोधी सर्वसमावेशक कराराचा मसुदा भारताने 1996 मध्ये मांडला. तो अजून मसुदाच आहे. परकीय अंमलाविरुद्ध लढणाऱ्यांना व्याख्येतून वगळायचं का, देशांच्या सैन्यांच्या कृतींचं काय करायचं, या दोन गाठी सुटत नाहीत. दरवर्षी भारतीय प्रतिनिधी तोच आग्रह धरतो, समोरचे तीच उत्तरं देतात, आणि शेवटी गेल्या वर्षीचाच ठराव तारीख बदलून पुढे जातो.

शब्दांचा कीस काढून निष्पन्न काहीच होत नाही, असं मात्र नाही. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवरचे मसुदे विधी आयोगाने 2019 मध्ये पूर्ण केले. पुढची तीन वर्षं समिती ते पुढे ढकलत राहिली. 2022 मध्ये गाडी हलली: 2023 आणि 2024 च्या एप्रिलमध्ये खास बैठका झाल्या, आणि डिसेंबर 2024 मध्ये आमसभेने ठरवलं की 2028 आणि 2029 मध्ये करारासाठी परिषद भरवायची. तेही मतदानाविना. वंशसंहाराचा करार याहून कितीतरी झपाट्याने झाला होता. क्यूबा, भारत आणि पनामा यांनी 1946 मध्ये विषय मांडला, 1948 मध्ये पॅरिसला सहाव्या समितीने त्यावर काथ्याकूट केला आणि 9 डिसेंबरला आमसभेने तो मंजूर केला. मात्र तेव्हा सदस्य देश साठसुद्धा नव्हते.

सायंकाळी 5.00

व्हिएन्ना कॅफे. तळघरातल्या या कॉफीच्या टेबलांवर, औपचारिक खोलीत बोलता न येणारं बोललं जातं.

'तुमच्या राजधानीला नेमकं काय खुपतंय? शब्द, की परिच्छेद?'

'शब्द. परिच्छेदाला आमची ना नाही.'

'मग तो शब्द 2001 च्या ठरावातून उचलू. तो तुम्ही आधी मान्य केलेला आहे.'

पूर्वी मान्य झालेली शब्दरचना हे इथलं सगळ्यात खात्रीचं चलन. नवा शब्द म्हणजे राजधानीला नवा प्रश्न, आणि राजधानीला प्रश्न म्हणजे एक दिवस गेला.

सायंकाळी 5.40

मोठ्या दालनात परतायचं, कारण दिवसाच्या शेवटी प्रत्युत्तराचा हक्क वापरला जातो. कुणी आपल्या देशाचं नाव घेऊन टीका केली असेल, तर पहिल्या खेपेला दहा मिनिटं, दुसऱ्या खेपेला पाच. तिसरी खेप नाही. सहाला दुभाषे उठतात आणि भांडण अपुरं राहिलं तरी बैठक संपते.

रात्री 8.30

दिल्लीत सकाळचे सहा. अहवाल आत्ता गेला, तर तिथलं कार्यालय उघडताच टेबलावर असेल. कोण काय बोललं ते थोडक्यात आणि कंसांतल्या शब्दांचा हिशोब सविस्तर लिहायचा. त्यातच एक कठीण ओळ येते. समन्वयकाने मसुदा 'मौन मुदती'वर टाकला आहे. परवा सकाळी दहापर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर तो मान्य झाला असं धरलं जाईल. 'मौनं सम्मतिलक्षणम्' हे इथे कार्यपद्धतीचं कलमच आहे. मौन मोडायला एक ईमेल पुरतो, पण मोडणाऱ्या देशाचं नाव वर्षभर लक्षात ठेवलं जातं. म्हणून प्रतिनिधी दिल्लीला फक्त 'काय करू?' असं विचारत नाही. तो तीन पर्याय लिहितो: गप्प राहणं, गप्प राहून नंतर आपली भूमिका नोंदवणं, किंवा मौन मोडणं. आणि स्वतःची शिफारस दुसऱ्या पर्यायाची करतो. त्यात देशाचा आक्षेप कागदावर राहतो आणि उरलेल्या 192 देशांचा ठराव अडत नाही.