हृदयविकार गावातच अडवायला हवा

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे अणदूर दोन गोष्टींसाठी ओळखले जाते: नळदुर्गबरोबर वाटून घेतलेला खंडोबा आणि हॅलो मेडिकल फाउंडेशन. दिवंगत डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली उभ्या केलेल्या या संस्थेने आसपासच्या खेड्यांतल्या बायकांना, त्यातही फार शाळा न शिकलेल्यांना, ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. ताप, जुलाब, बाळंतपण, तान्ह्या मुलांचा न्यूमोनिया ही तेव्हाची गावांची मोठी दुखणी होती आणि डॉक्टर गावात राहायला तयार नव्हता. त्यावरचा उपाय गावातल्याच माणसाच्या हाती द्यायचा, हा विचार त्याआधी जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून रुजवला होता. आज याच खेड्यांत माणसे वेगळ्या कारणाने मरतात. ती हृदयविकाराने आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने, म्हणजे पक्षाघाताने जातात. या आजारांवरचा पहिला उपायही अणदूरने दाखवलेल्याच वाटेने जाणारा आहे, आणि शहरात आणखी एक अँजिओप्लास्टी केंद्र उघडण्याच्या आधी तो करायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे जगाच्या आकड्यांवर तपासून पाहू. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी १९९० मध्ये जगात सुमारे १ कोटी २१ लाख माणसे दगावली, २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ८६ लाख. हे आकडे दाखवून जग हृदयविकाराने ग्रासत चालले आहे असे सांगितले जाते. त्यावर कोणी म्हणेल की लोकसंख्या वाढली, माणसे जास्त जगू लागली, आणि म्हातारपणी काहीतरी होऊनच माणूस जाणार. हा आक्षेप अर्धा खरा आहे. वयाचा फरक काढून मोजले, तर याच तीस वर्षांत मृत्युदर जवळपास एक-तृतीयांशाने कमी झाला. पण ही घट सगळीकडे सारखी झालेली नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा मृत्युदर साठच्या दशकाच्या अखेरीपासून उतरत गेला. फिनलंडच्या उत्तर करेलिया प्रांतात १९७२ साली पेक्का पुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणी, मीठ, सिगारेट आणि रक्तदाब यांच्याविरुद्ध गावपातळीवर मोहीम उघडली. तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू पुढच्या काही दशकांत ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. अमेरिकेतली १९८० ते २००० मधली घट संशोधकांनी उलगडून पाहिली, तेव्हा तिचा साधारण निम्मा वाटा औषधोपचारांचा निघाला आणि जवळपास तेवढाच रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान कमी होण्याचा. त्या उपचारांतही शस्त्रक्रियेपेक्षा रोजच्या साध्या गोळ्यांचा हिस्सा मोठा होता.

आपल्याकडे चित्र उलट आहे. भारतातल्या एकूण मृत्यूंपैकी १९९० मध्ये सुमारे १५ टक्के या विकारांमुळे होत, २०१६ मध्ये ते प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. आणि इथे म्हातारपणाचा आक्षेप पुरा पडत नाही. डॉ. प्रभात झा यांच्या नेतृत्वाखालच्या ‘मिलियन डेथ स्टडी’ने देशभर घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे नोंदवली. त्यात २००० ते २०१५ या काळात तीस ते सत्तर या वयात हृदयविकाराने मरण्याची शक्यता वाढलेली आढळली, पुरुषांमध्ये साधारण १० वरून १३ टक्क्यांपर्यंत. खेड्यांतला दर शहरांच्या पुढे गेला. ज्यांना आपला आजार आधीपासून ठाऊक होता, अशा मृतांपैकीही निदान निम्मे नियमित औषध घेत नव्हते. हा शेवटचा निष्कर्ष मला सर्वांत जास्त बोचतो. आजार कळला होता, औषध अस्तित्वात होते, तरी ते त्या माणसाच्या पोटात गेले नाही.

तरीही ‘हा शहरातल्या, बसून खाणाऱ्यांचा आजार’ ही समजूत हटत नाही. शेतात राबणाऱ्याला, ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला कसला हृदयविकार, असे लोक म्हणतात. सतरा देशांत झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासाने या समजुतीची नेमकी कसोटी घेतली. गरीब देशांतल्या लोकांत धोक्याचे घटक खरोखरच सर्वांत कमी होते. पण हृदयविकाराचे गंभीर झटके आणि त्यातून ओढवणारे मृत्यू तिथेच सर्वांत जास्त होते. झटका आल्यावर श्रीमंत देशांत शंभरातले सहा-सात दगावत, गरीब देशांत सतरा. म्हणजे शेतकऱ्याची मेहनत त्याला काही अंशी वाचवते, आणि मग उपचारांची वानवा त्याला मारते. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतले मृत्यू नोंदवले, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले, सुमारे १४ टक्के. त्यातले दहापैकी जवळपास नऊ जण घरीच गेले होते. देशातल्या अतिमागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत महाराष्ट्राचे चार आहेत. गडचिरोली त्यात आहे आणि अणदूर ज्यात येते तो धाराशिवही आहे.

या सगळ्याच्या मुळाशी उच्च रक्तदाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात तीस ते एकोणऐंशी वयाच्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना तो आहे. त्यातल्या ३७ टक्क्यांनाच निदान झालेले आहे, ३० टक्के औषध घेतात आणि दाब आटोक्यात असलेले फक्त १५ टक्के. औषध महागडे नाही. अॅम्लोडिपिनची पाच मिलीग्रॅमची जेनेरिक गोळी रुपयाच्या आसपास मिळते, सरकारी केंद्रात फुकट. महिन्याभराने दाब १४०/९० च्या वरच राहिला तर डोस वाढवायचा किंवा टेल्मिसार्टनसारखे दुसरे औषध जोडायचे, एवढाच हा प्रवास. अडते ते पुढे. दुखत-खुपत काही नसते, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत गोळी बंद होते. केंद्रावर दहा दिवसांच्याच गोळ्या मिळतात, पुढच्या वेळी साठा संपलेला असतो, आणि एका खेपेला मजुरीचा एक दिवस बुडतो. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले जोडपे पुढचे पाच-सहा महिने कुठल्याच आरोग्य केंद्राच्या यादीत नसते.

कोणी म्हणेल, मग जिल्ह्यात चांगले हृदयरुग्णालय काढा. जरूर काढा. झटका आलेल्याला अँजिओप्लास्टी मिळाली पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ती बिनपैशाने होते, हेही या राज्याचे मोठे काम आहे. पण अणदूरहून सोलापूर पन्नासएक किलोमीटर आहे, आणि महामार्गापासून आत असलेल्या वाडीतल्या माणसाला रात्री दोन वाजता आधी गाडी शोधावी लागते. छातीत दुखू लागल्यापासून पहिल्या काही तासांत बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली नाही, तर हृदयाचा स्नायू कायमचा मरतो. तामिळनाडूने छोट्या रुग्णालयांत ईसीजी काढून, रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देऊन, मग मोठ्या केंद्राकडे पाठवण्याची साखळी बसवली आणि वर्षभरातले मृत्यू कमी करून दाखवले. तशी साखळी मराठवाड्यालाही हवी. मात्र तिचे काम झटका आल्यावर सुरू होते. सरकार एका स्टेंटवर जेवढा खर्च सोसते, तेवढ्यात किती माणसांना किती वर्षे रोजची गोळी पुरेल, हा हिशेब जिल्हा नियोजन समितीने एकदा कागदावर मांडावा.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती रक्तदाबाचा रुग्ण कसा सोपवायचा? त्याचे उत्तर आता अंदाजावर सोडलेले नाही. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या तीस ग्रामीण वस्त्यांत सरकारी आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन दाब मोजला, समजावले आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरकडे धाडले. दोन वर्षांनी तिथला सरासरी दाब इतर वस्त्यांपेक्षा पाच अंकांनी जास्त उतरला होता. कोलंबिया आणि मलेशियातल्या प्रयोगात अशा कार्यकर्त्यांना ठरलेली कार्यपद्धती, फुकट औषधे आणि घरातल्या एका माणसाची साथ मिळाली. वर्षभरात ६९ टक्के रुग्णांचा दाब आटोक्यात आला, नेहमीच्या पद्धतीत ३० टक्क्यांचाच. तामिळनाडूत २०२१ पासून घरपोच तपासणी आणि औषधे देणारी योजना चालू आहे. औषध ठरवतो डॉक्टरच. बाईने करायचे ते काम महिन्याला एकदा पट्टा बांधून आकडा लिहिण्याचे, गोळ्या पोचवण्याचे, आणि कोणी गोळी सोडली तर त्याच्या ओट्यावर बसून का सोडली ते विचारण्याचे आहे. गावातल्या बाईइतके ते कोणाला जमणार नाही.

आज आशाताई हे काम थोडेफार करतातच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा त्या एक फॉर्म भरतात: वय, तंबाखू-मिसरी, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला आजार. गुण चारच्या वर गेले की तपासणीला पाठवतात. पण फॉर्म भरला की बहुतेक ठिकाणी काम संपते, कारण मोबदला फॉर्ममागे ठरतो, दाब आटोक्यात राहिल्याबद्दल नाही. आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मानधनासाठी त्यांना पुन्हा पुन्हा आझाद मैदानावर बसावे लागले, ही शरमेची गोष्ट आहे. म्हणून हे काम त्यांच्या माथी फुकट मारू नये. त्यासाठी वेगळे, ठरावीक आणि वेळेवर मानधन द्यावे, नाहीतर भारतवैद्यांसारख्या दुसऱ्या बायका नेमाव्यात.

मिसरी, गुटखा आणि जेवणातले जादा मीठ यांचे काय, असे विचारले जाईल. ते सोडायलाच हवे, आणि त्यासाठीही दारात येणारी, ओळखीची बाईच लागते. भिंतीवरच्या घोषणेने मिसरी सुटलेली बाई सापडणे कठीण.

धाराशिव जिल्हा परिषदेने अणदूरच्या तुळजापूर तालुक्यापासून सुरुवात करावी. प्रत्येक उपकेंद्रात चालू स्थितीतले रक्तदाबयंत्र ठेवावे, रुग्णाला एका वेळी निदान महिन्याच्या आणि ऊसतोडीला निघालेल्यांना पूर्ण हंगामाच्या गोळ्या द्याव्यात, आणि तालुक्यात किती जणांचा दाब आटोक्यात आहे तो आकडा दर तीन महिन्यांनी जाहीर करावा. तुमचे वय तिशीच्या पुढे असेल आणि वर्षभरात दाब मोजला नसेल, तर या आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात जा, घरच्यांनाही न्या. आणि गोळ्या संपल्या आहेत असे सांगितले गेले, तर ते ग्रामसभेत बोला.