नाव नसलेली कबर

वेल्सच्या पेंब्रोकशायर भागात अरुंद रस्त्याच्या कडेला गाडी लावून आम्ही सहकुटुंब पायवाटेने निघालो. ना तिकीटखिडकी, ना चहाची टपरी. फक्त वारा आणि मेंढ्या. थोड्याच अंतरावर 'पेंत्रे इवान' दिसले. तीन उभ्या दगडांच्या टोकांवर पाच मीटर लांबीची शिळा, जणू अलगद ठेवलेली. वजन अंदाजे 16 टन. सांध्यात ना चुना, ना माती. तरी सुमारे साडेपाच हजार वर्षांची.

"ही कबर ना? मग कोणाची?" अब्बांनी विचारले.

ही अनेकांची मिळून एक कबर असावी, असे अभ्यासक मानतात. पण 1936-37 आणि 1958-59 साली येथे उत्खनन झाले, तेव्हा एकही हाड सापडले नाही. हाती आले ते थोडी खापरे आणि गारेचे तुकडे. ही शिळा उचलणाऱ्यांना लोखंड ठाऊक नव्हते, लिहिणेही नव्हते. पुष्कळ हात एकत्र आले, म्हणूनच ती वर चढली. त्यांतल्या एकाचेही नाव उरले नाही.

अब्बा बराच वेळ शिळेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझ्या वालिदांच्या कबरीवरही पाटी नाही. पण आम्हाला लिहिता येत होते."

परतताना त्यांनी गाडीत मुलांना पणजोबांचे नाव विचारले. एकालाही सांगता आले नाही. आम्हीच मान खाली घातली.

त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर सात नावे लिहिली गेली. तुमच्या घरी अशी वही आहे का?